बोटभर फट

मी एका जुन्या मोटारीचे इंजिन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला स्वस्थ बसवत नाही. तुमच्या वर्गातही असा एखादा असेल, बाकाखाली ज्याचे पाय सतत हलत असतात. त्याला बाई ओरडतात. मला मात्र हलण्यासाठीच जन्माला घातले आहे. कारखान्यात वितळलेले लोखंड साच्यात ओतून माझा ठोकळा झाला, त्यात पिस्टन बसले, पहिली ठिणगी पडली, तेव्हापासून मला फिरणे एवढेच ठाऊक आहे. थांबलो की जीव कासावीस होतो.

माझी मालकीण जनावरांची डॉक्टर. तिचा धाकटा भाऊ मोटार मेकॅनिक. तो तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणतो. एखाद्या गोठ्यातून फोन आला की ती हातातला घास टाकून निघायची. कच्चा रस्ता असो, चढ असो, मी तिला पोहोचवायचोच. माझ्या पाठीशी तेव्हा जुना गिअरबॉक्स होता. भारी कुरकुऱ्या. ताईने डाव्या पायाने क्लच पुरता दाबला नाही तर असा करकरायचा की रस्त्यावरची माणसे वळून बघत. पण आमचे जमले होते. काम फत्ते झाले की ताई बॉनेटवर थाप मारून "शाब्बास रे" म्हणायची, आणि त्या थापेवर मी पुढचे कितीतरी दिवस खूश असायचो.

कौतुक करणारी माणसे तेल बघायला मात्र विसरतात. साऱ्या मुलखातल्या जनावरांची नाडी बघणाऱ्या ताईने माझी तेलाची पट्टी महिनोन्महिने उपसून पाहिली नाही. मी निळा धूर ओकू लागलो, चढावर धापा टाकू लागलो, तेव्हा कुठे भावाने मला गाडीतून उतरवून घेतले.

त्याने माझा नट न नट खोलला. झिजलेले सिलिंडर घासून गुळगुळीत करून आणले, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगे घातली. शेवटी माझ्या क्रँकच्या, म्हणजे पोटातल्या फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला जे भोक आहे त्यात त्याने एक छोटे पितळी कडे ठोकून बसवले. जुन्या गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक त्या कड्यात टेकते. प्रत्येक इंजिनाला तो ते बसवायचा. शीळ घालत घालत मलाही बसवले आणि मोकळा झाला.

नेमक्या त्याच सुमारास ताईला एका गाईने लाथ घातली. गाईचेही काही चुकले नाही, ताई तिला सुई टोचत होती. मोडलेले हाड जुळले, पण डाव्या पावलात जोर आला नाही. पाऊल टेकते, दाबले जात नाही. क्लच दाबता येत नाही म्हणजे गाडी चालवता येत नाही. मग कधी नवरा, कधी शेजारी तिला नेऊन सोडू लागले. गोठ्यात पाय ठेवला की पहिला प्रश्न यायचा, "आज कोणी आणून सोडलं?" कोणालाच वेळ नसेल तेव्हा ती फोन हातात धरून दाराशी येरझाऱ्या घालायची, आणि तिकडे जनावर तडफडत असायचे. अखेर दवाखान्याने तिला टेबलापाशी बसायचे काम देऊ केले. हो की नाही, ते सोमवारी सांगायचे होते.

"त्याच्या आत तुला क्लच नसलेली गाडी देतो," भाऊ म्हणाला. "तोवर हो म्हणू नकोस."

सगळे भंगारवाडे पालथे घालून त्याने माझ्याच जातीच्या गाडीचा एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळवला. तसा दुसरा कुठेच नव्हता. मी नाक मुरडले. हा म्हणे आपले गिअर आपणच बदलतो! त्याच्या तोंडाशी भोपळ्याएवढा, तेलाने भरलेला गोल डबा असतो. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. माझे फिरणे हा डबा तेलातून गिअरबॉक्सकडे पोहोचवतो. डब्यामागे एक नाजूक पंप असतो. तो फुटला तर गाडी जागची हलत नाही.

रविवारी भावाने मला पुन्हा गाडीत टांगले आणि खालून जॅकवर गिअरबॉक्स वर चढवला. ताई टायरांच्या ढिगावर बसून बघत होती. गिअरबॉक्स सरकत सरकत माझ्यापर्यंत आला आणि बोटभर अंतरावर अडला. भावाने तो खाली घेतला, कन्व्हर्टर फिरवून फिरवून नीट आत बसवला, पुन्हा वर चढवला. पुन्हा तीच बोटभर फट.

मित्रांनो, मला कारण माहीत होते. कन्व्हर्टरच्या पुढच्या बोंडाला जिथे शिरायचे होते, तिथे ते पितळी कडे ठाण मांडून बसले होते. ओरडून सांगावेसे वाटत होते. पण तेल नाही, ठिणगी नाही, मी मुका. इतकी तगमग मला कधीच झाली नव्हती.

"अरे, घोडं अडलंय कुठे?" ताईने विचारले.

"कुठे नाही. जरासंच तर राहिलंय. बोल्टांनी ओढून घेतो."

"असं ओढतात?"

"नाही ओढत," तो गाडीखालून म्हणाला. "पण दिवस मावळत आला, ताई."

त्याने दोन बोल्ट लावले आणि पाना फिरवला. माझ्या पाठीत कळ गेली. पलीकडे कन्व्हर्टर मागे रेटला जाऊन पंपावर दाबला जात होता. पाना आणखी थोडा फिरला.

"थांब," ताई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पाना थांबला. "वासरू अडलं आणि कोणी दोरी लावून ओढायला लागला, तर मी त्याला गोठ्याबाहेर काढते. आधी हात घालून बघायचं, काय अडलंय. मग जोर."

मग त्याने बोल्ट सैल केले, गिअरबॉक्स उतरवला आणि माझ्या क्रँकच्या भोकात बोट घातले. बोट पितळेवर टेकले आणि तिथेच राहिले.

"ताई, हे मीच ठोकलंय," तो म्हणाला. "तुझा पाय धड होता तेव्हा."

ताई काठीच्या आधाराने ढिगावरून उतरली आणि तिने गाडीखालून बाहेर आलेल्या त्याच्या बुटावर हलकेच काठीचे टोक टेकवले. "काढ मग."

त्याने भोकात ग्रीस ठासून भरले, बरोबर त्या जाडीचा दांडा घालून हातोडीने ठोकले, तसे ग्रीसने मागून रेटून कडे बाहेर ढकलले. मला गुदगुल्या झाल्या. या खेपेला गिअरबॉक्स हाताच्या जोराने येऊन मला असा भिडला की मध्ये कागद गेला नसता. पण आनंद कोणालाच झाला नाही. पाना फिरला होता. पंप शाबूत आहे की नाही, हे मी सुरू झाल्याशिवाय कळणार नव्हते.

सोमवारी सकाळी सगळ्या जोडण्या झाल्या, तेल भरून झाले. ताई स्वतःच चाकामागे बसली. किल्ली फिरली. मी खोकलो, मग लय धरली. तिचा डावा पाय सवयीने क्लच शोधत पुढे गेला आणि रिकाम्या जागेत टेकला. तिने गिअरची दांडी पुढे जाण्याच्या खुणेवर ओढली. काही झाले नाही. भावाने डोळे मिटून घेतले. मीही घाबरलो, खरेच सांगतो. मग पाठीमागे तेल भरत गेले, एक हलकासा झटका बसला, तिने ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी आपसूक पुढे सरकली.

"थांब, मीही बसतो, एक फेरी मारून बघू," भाऊ दार उघडत म्हणाला. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. एक म्हैस विताना अडली होती.

"फेरी नंतर," ती म्हणाली, आणि ताई व मी फाटकाबाहेर पडलो.

गोठ्याच्या दारात म्हशीच्या मालकीणबाई घाबऱ्याघुबऱ्या उभ्या होत्या. नेहमीच्या सवयीने त्यांनी विचारले, "कोणी आणून सोडलं हो?"

"मीच आले," ताई म्हणाली आणि बाह्या सरसावत आत गेली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी असेल. त्याचे तेल बघत जा, बिघडले तर ते ओढूनताणून पुढे रेटू नका, आधी हात घालून बघा. आणि दुरुस्त झाले की मग उगाच उभे करून ठेवू नका. मी आत्ता गोठ्याबाहेर तापून उभा आहे, आतून रेडकाचा आवाज आला आहे, आणि ताई केव्हा एकदा बाहेर येते असे मला झाले आहे.