केवळराम पीत नव्हता

सावली गावच्या तलावावर मासे धरणारा केवळराम १९९५ साली दिवाळीच्या तोंडावर वारला, तेव्हा गावाने फारशी विचारपूस केली नाही. दारुडा माणूस, तलावाच्या पाळीवरून घसरला, नहराच्या पाण्यात पडून बुडाला. त्याची बायको गोकुळाही हेच सांगायची आणि सांगताना एखादी शिवी हासडायची.

दिवसा त्याच्यासारखं जाळं फेकणारा दुसरा नव्हता. पण दिवस बुडाला की तो धडपडे. ओट्यावरच्या पाण्याच्या गुंडाला ठेचकाळे, वाळत घातलेल्या लुगड्यात तोंड घाली, एकदा तर धाकटी मुलगी दामिनी तान्ही होती तेव्हा तिच्या हातावर त्याचा पाय पडला. तोंडाला मोहाच्या दारूचा वास यायचा. त्या शेवटच्या संध्याकाळी त्याच्या पायाने शिजल्या भाताचा गंज उलटला. गोकुळाने त्याला दाराबाहेर ढकललं.

"जा, जिथी ढोसली तिथीच झोप!"

तिने कडी घातली. तो दाराशी थोडा वेळ उभा राहिला. "गोकुळा, कंदील तरी दे वो," म्हणाला. सोळा वर्षांचा मुलगा अमर आत पुस्तक घेऊन बसला होता. त्याने ते ऐकलं, पण तो उठला नाही.

पुढे अमर शिकला. २००४ साली तो हैदराबादला एका प्रयोगशाळेत संशोधन करत होता. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींमधली प्रथिनं हा विषय त्याला सरांनी दिला होता. त्याचा आपल्या घराशी काही संबंध असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्या वर्षी सतरा वर्षांची दामिनी संध्याकाळी शिवणक्लासवरून सायकलने परतताना उभ्या बैलगाडीवर आदळली.

"दादा, गाडी मधातच होती म्हनते सारे," ती फोनवर रडत म्हणाली. "मले दिसलीच नाई."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला आणि हा घराण्यातून उतरणारा आजार आहे, असं सांगितलं. अमरने दामिनीचं, आईचं आणि स्वतःचं रक्त नेलं. मूल या गावी राहणाऱ्या मंगली आत्याचंही नेलं. तिशीतच पुरती आंधळी झालेली ती केवळरामची सख्खी बहीण.

दामिनीत आणि आत्यात एकच दोष सापडला. आईत नव्हता, अमरमध्येही नव्हता. म्हणजे तो बाबांकडूनच आला होता. त्या दिवशी अमर प्रयोगशाळेच्या जिन्यात कितीतरी वेळ बसून राहिला.

चैत्रातल्या एका दुपारी तो घरी आला. गोकुळा अंगणात झिंगे वाळवत होती.

"माय, दामिनीले औषध नाई," त्याने आधी तेच सांगून टाकलं. "मी साऱ्यायले विचारलं. आज तरी कोनापाशीच नाई."

गोकुळा खाली बसली. "तू तं त्याच्यातच शिकून राह्यला ना, बापू?"

"त्याच्यातच." त्याला पुढचे शब्द जुळवावे लागले. "डोळ्यात एक प्रथिन असते, उजेड धरनारं. उजेड पडला का ते पुढच्या प्रथिनाले सांगते, मंग आपल्याले दिसते. काम झालं का तिसरं एक येते, त्याच्यावर बसते, त्याले शांत करते आन् निंघून जाते. आपल्या घरचं उजेड धरनारं प्रथिन जराकसं वाकडं आहे. उजेड असो नसो, ते तिसरं त्याले जे चिपकते ते सोडतच नाई. मंग ती पेशीच मरते. कमी उजेडात पाहनाऱ्या पेशी पह्यले मरतात. म्हनून संध्याकाळी दिसत नाई."

"हे दामिनीले कोनाकडून आलं?"

"बाबाकडून."

गोकुळाचा झिंग्यांवरचा हात थांबला. 

"म्हंजे त्यायले दिसत नोतं?"

"अंधार पडला का नाई."

"पर वास..." ती उठली, डोक्यावरचा पदर सावरला आणि तडक केवळरामबरोबर डोंग्याने तलावात जाणाऱ्या जोडीदाराकडे, लटारूकडे गेली. अमर मागोमाग गेला. म्हातारा लटारू जाळं विणत होता. तिने उभ्यानेच विचारलं, "लटारूभाऊ, खरं सांगा. ते पीत होते का?"

लटारूने सुई खाली ठेवली. "नाई बाई. घोटभर तोंडात घे, गुळणी करे, आन् थुकून दे. म्या इचारलं, काऊन रे असा करतं? तं म्हने, दारुड्याले डोंग्यात घेतात, आंधळ्याले कोनी घेत नाई. घरी सांगू नको म्हने."

"नऊ वर्सं झाली, भाऊ."

"सबद देल्ला होता," लटारू म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

परतीच्या वाटेवर गोकुळा एकदाच बोलली. "कंदील मांगत होते ते." अमरला म्हणायचं होतं, मीही ऐकलं होतं, माय. शेवटी तो तसं म्हणाला, तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा हात धरला. तिला राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ती ढिवर मोहल्ल्यात, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत, घरोघरी जाऊ लागली. "माहा मालक पीत नोता," ती सांगे. "त्यायले दिसत नोतं." लोक ऐकून घेत, चहा विचारत. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी मान हलवली. "असंल बाई, पर आता का त्याचं?" कोणी तर केवळराम कोणता हेच विसरलं होतं. सात-आठ घरं झाल्यावर तिने जाणं सोडलं.

दामिनीची नजर पुढच्या तीन वर्षांत कडेकडेने मिटत गेली. समोरचं तेवढं दिसायचं, तेही बशीएवढं. ठरत आलेलं लग्न मोडलं. शिवण सुटलं. अमर दर सुटीला येई, नव्या संशोधनाचं काहीबाही सांगे. दामिनी हसून ऐके आणि एकदा म्हणाली, "दादा, राहू दे. आता नको सांगू."

एका संध्याकाळी ओट्यावर बसून ती आईला म्हणाली, "माय, बाबाले भेव लागत असंल ना? असं अंधारात चालाचं."

"लागत असंल वो."

"त्यायनं तुले काऊन नाई सांगतलं?"

  गोकुळाने दामिनीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"तू मले सांगजो," ती म्हणाली. "जवा का दिसनं बंद होईल, तवा सांगजो. मी रागावनार नाई."

 दामिनी हळूच म्हणाली, "माय, तुहं तोंड दिसत नाई आता."