कडी नसलेल्या घरी ठेवलेला बोका

मित्रांनो, मी एक म्हातारा बोका आहे. माझा डावा कान अर्धाच आहे. उरलेला अर्धा लातूरच्या एखाद्या गटारीत वाहून गेला असेल. नाकावर आडवा व्रण आहे, शेपटीचं टोक वाकडं आहे आणि मानेला एका जागी केस उगवत नाहीत. माझं नाव भुजंग. ज्या मुलीने हे नाव ठेवलं तिला मी पहिल्याच भेटीत चावलो होतो, त्यावरून माझ्या स्वभावाची कल्पना करा.

माझा जन्म ट्यूशन एरियात, म्हणजे शहरातल्या क्लासेसच्या वस्तीत, एका वसतिगृहाच्या गच्चीवर झाला. खाली भिंतभर पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे फोटो होते आणि वर, पाण्याच्या टाक्यांच्या सांदीत, आम्ही चार भावंडं होतो. डोळे उघडून थोडे दिवस झाले असतील, तेव्हा एक दांडगा बोका आला आणि त्याने तिघांच्या माना मोडल्या. तो बहुतेक आमचा बापच असावा. आमच्यात हे चालतं, आणि मी त्याची बाजू घेणार नाही. आई त्याच्यावर तुटून पडली, त्या झटापटीत मी जिन्यावर फेकला गेलो. तिथे इरा नावाची शाळकरी मुलगी मैत्रिणीला भेटायला आली होती. तिने मला उचललं, मी तिच्या बोटात दात रोवले, तरी तिने मला खाली टाकलं नाही. मला त्या मुलीचं तेवढंच आवडलं.

इराची आई, सौदामिनीबाई, एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायच्या. घराच्या मागच्या खोलीत चाचणीच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे असायचे आणि उंदरांनी त्यांचा फडशा पाडायला घेतला होता. मी कामाला लागलो. उंदीर मारताना मी कधी घाई केली नाही, दयाही केली नाही. घुशी मारल्या, सरडे मारले, एकदा शेजारच्यांचं कबूतर मारलं आणि त्यावरून दोन घरांत अबोला धरला गेला. "हा नसता तर मुलांच्या परीक्षा झाल्याच नसत्या," असं सौदामिनीबाई पाहुण्यांना सांगायच्या, तेव्हा मी खिडकीत छाती काढून बसायचो.

माझा वैरी एकच होता. मटणाच्या दुकानावर पोसलेला एक पिवळा बोका. गल्लीचा कोपरा त्याचा की माझा, हा आमचा वाद वर्षानुवर्षं चालला. माझा कान त्याने नेला, त्याच्या एका डोळ्यात मी नख घातलं. हिशेब सरळ होता.

मग मला तहान लागायला लागली. बादली, कुंडी, मोरी, दिसेल तिथलं पाणी पिऊ लागलो. खात होतो तरी अंगावरचं मांस उतरलं, मागचे पाय लटपटू लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त काढलं, मी त्यांच्या मनगटातून तेवढंच काढलं. "याला साखर झाली आहे," ते फडकं बांधत म्हणाले. "रोज सकाळ-संध्याकाळ सुई. पण आधी पोटात अन्न हवं. रिकाम्या पोटी सुई पडली तर जीव जाईल."

इरा तेव्हा बारावीत होती. दिवसभर क्लास, रात्री पुस्तकं, आणि मधे माझ्या मानेची कातडी चिमटीत धरून सुई. मी गुरगुरायचो, ओरबाडायचो, पण तिला परीक्षेत काय येणार नाही याची भीती होती, माझी नव्हती. अशी ती डॉक्टरकीची मोठी परीक्षा मे महिन्यात एकदाची झाली. दोन वर्षं पोरगी घराबाहेर पडली नव्हती. आईवडिलांनी केरळची तिकिटं काढली.

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नांदेडच्या देविकामावशीला फोन झाला. तिच्या सोफ्याची मी मागे काय दशा केली होती ते तिला आठवत होतं. वसतिगृहातल्या मुली परीक्षा संपताच गावोगाव गेल्या होत्या. डॉक्टरांकडे मला ठेवायची सोय नव्हती. इरा म्हणाली, "मी नाही येत. तुम्ही दोघं जा." सौदामिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा त्यांना समोरच्या घरातले हणमंतराव आठवले.

हणमंतराव आणि त्यांची बायको गुरम्मा हे किल्लारीच्या बाजूचं, भूकंपानंतर लातूरला आलेलं जोडपं. दोन खोल्या, वर पत्रे. काँक्रीटच्या घरात ते पाहुणे म्हणूनसुद्धा फार वेळ बसत नसत. हणमंतरावांना स्वतःला साखर होती आणि ते रोज पोटाला सुई टोचून घेत. यापेक्षा चांगला माणूस कुठून मिळणार?

"मामा, आधी खायला घालायचं, मगच सुई," इराने तीनतीनदा समजावलं. "आणि दार लावून ठेवायचं. हा बाहेर गेला की मारामारी करतो. आता त्याच्यात ती ताकद नाही राहिली."

"हाव पोरी. तू बिनघोर जा. त्याचं अन् माझं दुखनं एकच हाय."

त्या घराच्या दाराला कडी नव्हती. आतून नाही, बाहेरूनही नाही. दाराच्या फळीवर फक्त जुन्या खिळ्यांची भोकं होती. साऱ्या गल्लीने ती पाहिली होती, पण का, हे कुणी विचारलं नव्हतं. इराची गाडी गेली त्याच दिवशी हणमंतरावांनी सुताराला बोलावलं आणि बाहेरच्या बाजूला नवी कडी बसवून घेतली.

"तुमच्यानं हुईल का?" गुरम्मांनी विचारलं.

"लेकराला शब्द दिलाय."

पहिले दिवस बरे गेले, म्हणजे त्यांचे. गुरम्मा नाकाला पदर लावून माझ्या खाण्याचा डबा उघडायच्या, कारण त्या घरात मासळीचा वास कधी शिरला नव्हता. मी खायचो, हणमंतराव सुई द्यायचे, मी त्यांचा हात फाडायचो. मग गुरम्मा बाहेर निघाल्या की ते मला कोंडायचे आणि स्वतः बाहेर ओट्यावर बसून राहायचे. आत माणूस असताना त्यांनी ती कडी एकदाही लावली नाही. रात्री दोघं दारात आडवे होऊन वाट अडवायचे.

एके दिवशी सकाळी मी पोटभर खाल्लं, सुई झाली, आणि थोड्या वेळाने सगळं खाल्लेलं पिंपामागे ओकून टाकलं. कुणाला दिसलं नाही. औषध रक्तात आणि पोट रिकामं. गुरम्मा बाजारात गेल्या, कडी लागली. भर दुपारी गल्ली तापून सुनी पडली होती, आणि तो पिवळा दारात येऊन बसला. दाराच्या फटीतून त्याचा वास आला. माझ्या ओट्यावर, माझ्या दारात!

मी दारावर झेपावलो. दोन्ही पंजांनी फळी खरवडायला लागलो. वरून खाली, वरून खाली, नखं निघेपर्यंत.

"गप बस भुजंगा," बाहेरून आवाज आला.

मी थांबलो नाही. लाकडाचा भुगा पडत होता.

"गप बस म्हनलं ना," आता आवाज बदलला होता. मग काही वेळ नुसता श्वास ऐकू आला, धावत आलेल्या माणसासारखा. मी आणखी जोरात खरवडलं. आणि अचानक हणमंतराव ओरडले, "आलो बसू, आलो! काढतो कडी!"

मला बसू कुणी म्हणत नाही. पण मला तेव्हा त्याच्याशी काय करायचं होतं? कडी खडखडली, दोनदा निसटली, मग दार धाडकन उघडलं. मी त्यांच्या पायांतून गोळीसारखा सुटलो आणि पिवळ्याच्या नरड्याला भिडलो.

सुरुवातीला मीच वरचढ होतो, हे मी सांगणारच. त्याचं नाक मी फोडलं, आम्ही ओट्यावरून गडगडत मातीत पडलो, केसांचे पुंजके उडाले. मग माझे मागचे पाय गेले. आधी वाटलं त्याने तोडले. पण पाय जागेवर होते, माझं ऐकत नव्हते. डोळ्यांपुढे ऊन काळं झालं. पिवळ्याने माझी मान धरली आणि हिसके द्यायला सुरुवात केली. दात आत जाताना मला ऐकू येत होते.

हणमंतरावांनी त्याला काठीने मारलं. तो सुटेना, तेव्हा हाताने ओढून भिंतीवर आपटला. तो पळाला. मी मातीत आखडत होतो, उडत होतो, तोंडातून फेस येत होता. त्यांनी मला उचलून आत नेलं. हे काय चाललंय ते त्यांना बघताक्षणी कळलं, कारण साखर एकदम उतरली की त्यांच्या स्वतःच्या अंगालाही असाच कंप सुटायचा. गूळ फोडून पाण्यात कालवला आणि अंगठ्याने माझ्या हिरड्यांना चोळायला लागले. आचक्यात माझा जबडा मिटला. अंगठा आत होता. माझे दात हाडाला लागले.

त्यांनी अंगठा काढला नाही.

"चाव," ते म्हणत होते. "चाव बाबा. पर जाऊ नको. मी कडी काढलीय. आता जाऊ नको." गूळ आणि त्यांचं रक्त मिळून माझ्या घशाखाली उतरत राहिलं.

मी वाचलो. पुढचे दिवस कडी लागली नाही. गुरम्मांच्या जुन्या लुगड्यात मला गुंडाळून हणमंतराव उंबऱ्यात बसायचे, आणि मी लुगड्यातूनही त्यांना ओरबाडायचो.

इरा परतली तेव्हा माझी मान शिवलेली होती आणि त्यांचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. तिने आधी माझी मान पाहिली.

"मामा, एवढंच तर सांगितलं होतं. साधं दार लावायचं होतं."

"हाव पोरी. चुकलं माझं," ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

"चुकलं न्हाई त्यांचं," गुरम्मा म्हणाल्या. मी इराच्या मांडीवर होतो, म्हणून मलाही सगळं ऐकावं लागलं. "भूकंप झाला तवा समदी गणपती बुडवून येऊन झोपल्याली. मी माहेराला उदगीरला व्हते. ह्ये खळ्यावर. ह्ये पळत आले तर मातीचं माळवद खाली बसल्यालं, अन् दार तेवढं उभं. आतून कडी. आत माझी सासू अन् आमची लेक, बसू. सासू तवाच गेली असंल. बसू दाराला नखं घासून राहिली व्हती. ह्येंनी वरडून सांगितलं, कडी काढ. चार वर्सांचं लेकरू, तिचा हात पुरंना. दगडं उपसून उपसून ह्येंची नखं गेली. मग आतला आवाज बंद झाला." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "तवापासून आमच्या दाराला कडी न्हाई. तुझ्या बोक्यासाठी बसवली."

दोन वर्षं इराने माणसाच्या शरीरातली सगळी हाडं पाठ केली होती, आणि समोरच्या दारातली भोकं रोज पाहिली होती. ती घरी गेली, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली आणि कडीचे स्क्रू काढायला बसली. स्क्रू ड्रायव्हर दोनदा निसटला आणि फळीला ओरखडे पडले.

हणमंतराव ओट्यावरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. पुन्यांदा गावाला गेलाव तर लागंल."

"नाही लागणार, मामा."

मित्रांनो, आम्हाला कुणाच्या हवाली करून गावाला जाल, तेव्हा सुई कशी धरायची ते जरूर शिकवा. पण ज्याच्या हवाली करता त्याच्याजवळही घटकाभर बसा. त्याला काय जमेल ते तो आपणहून सांगेल. काय जमणार नाही, ते तुम्ही विचारलं तरच सांगेल.

मी काही सुधारलो नाही. पिवळा मेला, आता त्याच्या पोराशी माझं वैर आहे. सुई टोचणाऱ्याला अजून चावतो. कोंडलं तर घसा फुटेपर्यंत ओरडतो, चादरी फाडतो, चिडलो की उशीवर मुततो. पण बंद दाराला मी नख लावत नाही.