शेवट काय झाला?

रविवार मास्तरांकडे, हा आमचा जुना नियम. पडदे ओढायचे, लागोपाठ दोन सिनेमे बघायचे आणि मग पोटभर जेवायचं. नवरा गेल्यापासून मी तो मोडला होता, तर आज मास्तर गाडी घेऊन थेट दारात. ते गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो.

"बसा वहिनी, नाहीतर भोंगा वाजवत राहीन."

शेजाऱ्यांना ताप नको म्हणून बसले. जायचं होतं असं नाही, नव्हतं असंही नाही. हल्ली माझं सगळं असंच असतं.

मी अजून रडलेले नाही. लोकांना याची फार काळजी. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन भिंतीला टेकला आणि गेला. सोबत्यांना वाटलं डुलकी लागलीय, म्हणून कुणी उठवलंच नाही. त्यांची काही चूक नाही, तो कुठेही झोपायचा. हे मी येईल त्याला सांगते, आवाज जराही हलत नाही, आणि डोळे ऐकणाऱ्याचेच भरतात. लोकांच्या पँटी आखूड करायचं माझं काम मी लगेच सुरू केलं. टाके सरळ पडतात. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नाही, आणि पडल्या पडल्या एकच भीती वाटते, की आता मी कायमची अशीच राहणार, लाकडासारखी.

पहिला सिनेमा विनोदी होता. दातवाली, म्हणजे आमची दातांची डॉक्टर मैत्रीण, हसली की तिच्याच दाढा मोजता येतात. ती लोळायची बाकी होती. मी ढिम्म. मास्तरीणबाई पडदा सोडून माझंच तोंड न्याहाळत होत्या.

"सिनेमा तिकडे आहे," मी म्हणाले.

मधे पाणी प्यायला उठले आणि परत येऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बसले. सगळे एकदम गप्प झाले, तेव्हा लक्षात आलं की ही त्याची जागा. उठले असते तर आणखी तमाशा. बसून राहिले. उशीला त्याच्या डोक्याचा खळगा अजून होता.

याच कोपऱ्यात तो सिनेमा सुरू होताच ढाराढूर झोपायचा आणि जेवायला बसल्यावर विचारायचा, "शेवट काय झाला?" मग आम्ही सांगायचो. एकदा दातवालीने खरं सांगितलं, की तो माणूस मेला, तर हा भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून मास्तरांनी ठरवून टाकलं, की सिनेमात कुणी मेलं तरी याला तो जगला म्हणून सांगायचं. बुडालेले, गोळी लागलेले, सगळे आमच्या टेबलावर धडधाकट घरी परतायचे. तो म्हणायचा, "बरं झालं. भात वाढा." आम्ही एकमेकांना टेबलाखालून पाय मारायचो. भोळा सांब आहे अगदी, असं म्हणायचो.

दुसरा सिनेमा बर्फात अडकलेल्या एका टपालवाल्याचा होता. घरी बायको वाट बघत होती. त्याचा एक बूट हरवला, इथवर मला आठवतं.

जाग आली ती ताटांच्या आवाजाने. अंगावर शाल होती, पडदे उघडलेले होते आणि मान अवघडली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा झोप लागली होती, तीही लोकांच्या घरात, तोंड उघडं टाकून. मासे होते, बटाटे होते, भाताची वाफ निघत होती. मी टेबलाशी बसले आणि ठरवलंही नव्हतं, पण विचारलं, "शेवट काय झाला?"

दातवालीचा चमचा हवेतच राहिला. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"आला की घरी," मास्तर म्हणाले. "एकाच बुटावर आला. बायकोने आधी चांगलं फैलावर घेतलं."

"पायाचं एक बोट गेलं तेवढं," दातवाली ताटाशी बोलली.

"मग तिने त्याला सूप दिलं. गरम गरम," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि उगाच भात ढवळत बसल्या.

मी तिघांकडे पाहिलं. मास्तर कान खाजवत होते. दातवाली मान वर करत नव्हती. मास्तरीणबाईंचं नाक लाल झालेलं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की टपालवाला मेला.

आणि दर रविवारी तो हेच बघत होता. अशीच तोंडं, त्यात माझंही. त्याला सगळं कळत होतं. भोळे आम्हीच होतो. तो आमच्यासाठी 'बरं झालं' म्हणायचा.

"बरं झालं," मी म्हणाले आणि ताट पुढे केलं. "भात वाढा."

मास्तरीणबाईंनी वाढला. पण माझे डोळे भरले होते, मला तो दिसेना.