गाडी थंड असताना

आत्या वाचली.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे चला, कारण अजून आत्याला काहीच झालेलं नाही. ती स्वयंपाकघरात उभी राहून कानात कापूस घालते आहे आणि आज सकाळी भावाच्या गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आहे, अशा समजुतीत आहे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं हाडवैर एकट्या वाऱ्याशी. वारा कानात शिरतो, तिथून डोक्यात जातो आणि बाहेर यायची वाट विसरतो, असं तिचं शास्त्र होतं. म्हणून ती गाडीत बसली की चारही काचा बंद. मग तिला उकडायचं, म्हणून बाबांनी मागच्या सीटजवळ छोटा पंखा लावून दिला होता. पंख्याचा वारा तिला चालायचा. तो ओळखीतला होता.

पंख्याची वायर बॅटरीपर्यंत न्यायला बाबांनी इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला स्वतः भोक पाडलं होतं. वायर सुतळीएवढी, भोक अंगठ्याएवढं. "मोकळं बरं," बाबा म्हणाले होते, "वायरीला कोंडल्यासारखं वाटत नाही."

घरात बाबा, आत्या आणि धाकटा. थोरला कधी नव्हताच; बाबांनी फक्त त्याची जागा राखून ठेवली होती.

तर या धाकट्याला बरेच दिवस एक आवाज छळत होता. जुनी पेट्रोल गाडी सकाळी सुरू केली की पुढून टकटक यायची, जणू इंजिनात कुणी टायपिंगची परीक्षा देत आहे. पाय दाबला की परीक्षार्थी घाबरायचा आणि वेग वाढवायचा. शिवाय आत्या हल्ली गाडीतून उतरली की डोकं धरून बसायची. दोष वाऱ्याला द्यायची. धाकट्याला मात्र वाटायचं की कुठूनतरी धूर आत येतोय, आणि एक दिवस आत्या बसेल ती उठणारच नाही.

गाडी तीनदा गॅरेजला नेऊन झाली. तिन्ही वेळा मिस्त्रीने रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनावर फिरवलं आणि डोळे मिटले. गाडी तिन्ही वेळा गुणी मुलीसारखी गप्प.

"सायलेन्सर ठणठणीत," मिस्त्री म्हणाला. "पोराचे कान तपासून घ्या."

"मी म्हणतच होतो," बाबा म्हणाले.

काल संध्याकाळी उलगडा झाला. मिस्त्रीकडे निघायच्या आधी बाबा गाडी एकटेच कुठे फिरवून आणतात, असं धाकट्याने सहज विचारलं.

"चार चकरा मारतो. जरा माणसात येऊ दे तिला."

"दाखवायच्या आधी?"

"मग काय, पारोशी नेऊ? पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतोस की नाही?"

धाकट्याने कपाळावर हात मारला. गाडी तापली की लोखंड फुगतं आणि चीर असलीच तर मिटते. तीन वेळा बाबांनी दुखणं आवरून, भांग पाडून मिस्त्रीपुढे उभं केलं होतं. "बाबा, उद्या मिस्त्री घरी येईल. तिला हात लावायचा नाही. पारोशीच दाखवायची."

बाबांना ते फारच उघडंवाघडं वाटलं, पण त्यांनी मान डोलावली. आज डॉक्टरकडे जायचं नाही, असं धाकट्याने सकाळी आत्यालाही सांगितलं. तिनेही मान डोलावली. कानात कापूस असताना आत्या सगळ्यालाच मान डोलावते, हे त्याला ऐन वेळी आठवलं नाही. निघायच्या कितीतरी आधी गाडीत जाऊन बसायची तिची सवयही आठवली नाही.

मिस्त्री आला. शेडमध्ये अंधार होता. गाडी भिंतीला खेटून उभी. बाबांनी सवयीप्रमाणे दार उघडून फक्त किल्ली फिरवली आणि दार लोटून ते लगेच मागे सरले. टकटक टकटक! परीक्षा सुरू.

"ऐकलंत?" धाकटा जवळजवळ नाचलाच.

"इतकं काय नाचतोस? मुलगी पास झाली का?" मिस्त्री म्हणाला. "ओलं फडकं आण."

फडकं आलं. मिस्त्रीने ते मागे धुराच्या नळीच्या तोंडात कोंबलं. "आता धूर मागून जाणार नाही. जिथे चीर असेल तिथून फुसकारेल."

तिघांनी बॉनेटखाली डोकी घातली. टकटकीचं फुसफुस झालं. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळ्यांवर, अगदी मागच्या पत्र्याजवळ, काजळीचा काळा पट्टा दिसला.

"सापडली!" मिस्त्री म्हणाला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, चीर आहे."

"तुम्ही तर म्हणालात, पोराचे कान तपासा," धाकटा म्हणाला.

"मग, तपासले ना? चांगले निघाले."

चारचौघांत गाडीची अब्रू गेल्यासारखे बाबा दुसरीकडे बघत होते. इंजिन तापत चाललं. चीर मिटू लागली, आवाज हळूहळू बसत गेला. मिस्त्रीने मागे जाऊन फडकं काढलं आणि शेडमध्ये जवळपास शांतता झाली.

त्या शांततेत धाकट्याला एक बारीक भुर्र ऐकू आली.

काजळीच्या पट्ट्यासमोरच बाबांचं अंगठ्याएवढं भोक होतं. त्यातली सुतळीएवढी वायर थरथरत होती.

"बाबा, पंखा कुणी लावला?"

"पंखा आत्याच लावते," बाबा म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

धाकटा धावला. मागचं दार आतून बंद होतं. काचेपलीकडे शालीचं एक गाठोडं सीटवर कलंडलेलं, आणि ओळखीतला वारा त्याच्या तोंडावर इमानेइतबारे धूर ढकलत होता. पुढून वाकून कडीपर्यंत हात पोचेना, भिंतीकडचं दार उघडायला जागा नव्हती. मिस्त्रीने पान्याने काच फोडली, बाबांनी इंजिन बंद केलं, धाकट्याने आत्याला काखेत हात घालून बाहेर ओढलं. गाल लालबुंद. हाका मारून उपयोग नव्हता. त्याने आधी कापूस काढला.

"आत्या! आत्या गं! ऐकतेस ना?"

काही नाही. बाबा गुडघ्यावर बसून म्हणत होते, "ताई, चिडलीस का? ताई, काच मी लगेच लावून देतो." त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मिस्त्रीने अंगणात फोनवर पत्ता ओरडून सांगितला. धाकट्याने आत्याच्या नाकाशी हात धरला आणि जन्मात पहिल्यांदा वाऱ्याला मनापासून विनवलं, की बाबा रे, आत जा.

तो गेला. आत्या खोकली. एक डोळा उघडून तिने फुटलेल्या काचेकडे पाहिलं. "वारा येतोय," ती म्हणाली, आणि परत डोळा मिटला.

इस्पितळात तिला ऑक्सिजन लावला. चीर वेल्ड झाली, भोक बुजलं, नवी काच बसली. बाबा आता गाडी कुणालाही पारोशीच दाखवतात, आणि दाखवताना डोळे पुसतात. डॉक्टरांनी बजावलं, "आजी, यापुढे गाडीत एक काच तरी उघडी राहिली पाहिजे."

आत्याने बराच विचार केला. मग धाकट्याला खाटेजवळ बोलावलं. "उघडी ठेवेन. पण रीतसर लिहून दे."

"कुणाला?"

"ज्याचा त्रास होतो त्याला."

धाकट्याने लिहून दिलं, बाबांनी साक्षीदार म्हणून सही केली, आणि कागद उघड्या काचेला चिकटवला गेला:

"प्रति, वारा, सर्व दिशा. विषय: कानात न शिरण्याबाबत. अर्जदार महिला वैद्यकीय कारणास्तव काच उघडी ठेवीत आहे. तरी आपण नाकाने आत यावे, कानांकडे न वळता समोरील खिडकीने बाहेर पडावे, ही नम्र विनंती. मंजुरीचे पत्र बंद पाकिटातून पाठवावे."