कोपर कानाच्या वर

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे हं, व्हिडिओ गेमचा! मला हातात धरून हवेत फटका मारला की पडद्यावरचा खेळाडू टेनिसचा फटका मारतो. कारखान्यात माझ्या आत एक चिमुकला तुकडा बसवला, त्याला हिसका कळतो. माझी सगळी अक्कल तेवढीच. पण त्या अकलेवर मी एकेकाळी अख्खं घर नाचवलं होतं. पाहुण्यांनी माझ्यापायी दिवाणखान्यातला दिवा फोडला, तरी कौतुक माझंच झालं.

मग नवा कन्सोल आला. खोटं कशाला बोलू, त्याचे खेळ माझ्यापेक्षा सरस होते. त्यांत वाऱ्यावर गवत हलायचं, घोड्याच्या अंगावरचा घाम दिसायचा. माझ्या खेळातल्या माणसांना धड पायही नव्हते. घरातली मुलगी सोफ्यात रुतून दोन अंगठ्यांनी राज्यं जिंकू लागली आणि माझी रवानगी खणात झाली. माझ्या बॅटऱ्या काढायचंही कुणाला सुचलं नाही. त्या आतल्या आत पाझरल्या. फार वाईट वाटलं मला, आणि रागही आला.

मला बाहेर काढलं ते तिच्या आत्याने. आत्या रंगारी. लोकांच्या घरांच्या भिंती आणि छतं रंगवायची. शिडीवरून पडून तिचा उजवा खांदा मोडला होता. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. "रोज हात वर न्या, नाहीतर असाच आखडून राहील," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती भिंतीशी उभी राहून व्यायाम करायची आणि कळ आली की सोडून द्यायची. छताला हात पोचला नाही तर पुढे करायचं काय, याचा तिला घोर लागला होता.

तिने माझी घाण कापसाने पुसली, नव्या बॅटऱ्या घातल्या, माझा धूळ खात पडलेला कन्सोल टीव्हीला जोडला आणि टेनिस लावलं.

"अगं आत्या, एवढा हात कशाला हलवतेस?" भाची म्हणाली. "नुसतं मनगट झटक. चेंडू जातो."

खरंच होतं ते. मनगट काय, अख्खा हात काय, मला फरकच कळत नाही.

"चेंडू जाईल गं," आत्या म्हणाली, "माझा हात कुठे जाणार?"

तिने स्वतःच नियम केला. कोपर कानाच्या वर गेलं तरच पॉइंट धरायचा, आणि पंच भाची. पोरगी आधी कुरकुरली, तिचा टीव्ही अडला होता ना! पण पंच म्हणून भलतीच खडूस निघाली.

"कोपर कानाखाली. पॉइंट बाद!"

"अगं, जिंकले की मी! पडद्यावर बघ."

"पडदा गेला खड्ड्यात. कोपर दाखव."

मी दिलेला पॉइंट ती काढून घ्यायची. आधी मला अपमान वाटला. मग लक्षात आलं, जे मला कळत नाही ते ही पोरगी बघते आहे. रोज संध्याकाळी आत्या पडद्यावर जिंकायची आणि भाचीकडून हरायची. कळ आली की दातओठ खायची, पण मला खाली ठेवायची नाही. कोपर हनुवटीपर्यंत आलं, मग कानाच्या पाळीपर्यंत. मीही हट्टाला पेटलो. बटणं अडकत होती, तरी तिचा एकही हिसका मी चुकू दिला नाही.

आणि एका संध्याकाळी तिने असा काही फटका मारला, की मी तिच्या घामेजल्या हातातून सुटलो. माझी दोरी मनगटात अडकवायला ती विसरली होती. मी छतावर आदळलो आणि खाली फरशीवर माझे दोन तुकडे झाले.

"आत्या, रिमोट!" भाची ओरडली. मग एकदम थांबली आणि हळूच म्हणाली, "आत्या... कोपर."

मित्रांनो, आमची दोरी मनगटात अडकवत जा, न वापरता ठेवताना बॅटऱ्या काढत जा. तेवढं केलंत तर आम्ही वर्षानुवर्षं साथ देतो. माझं मात्र दुःख करू नका. मी फरशीवरून वर पाहिलं, तेव्हा आत्याचा हात अजून वरच होता. त्याच हाताने छताकडे बोट दाखवत ती म्हणत होती, "पोपडा उडाला बघ तिथला. जा, माझी शिडी आण."