मला बंद ठेवलं तो दिवस

मित्रांनो, माझा आवाज तुमच्यापैकी कुणीही ऐकलेला नाही आणि पुढेही ऐकणार नाही. मी अल्ट्रासाउंडचं एक जुनं यंत्र आहे. पोटातल्या बाळाचं चित्र पडद्यावर दाखवतं ते यंत्र माझ्या चुलत घराण्यातलं. मी चित्र काढत नाही. आखडलेले खांदे, दुखरे गुडघे, मुरगळलेले घोटे यांना ऊब देऊन मोकळं करणं हे माझं काम.

एका कारखान्यात, मोठ्या भिंगाखाली वाकून बसणाऱ्या एका बाईंनी मला जोडलं. माझ्या मुठीच्या टोकाला बिस्किटाएवढी स्टीलची चकती आहे आणि तिच्या आत एक स्फटिक. विजेचा प्रवाह आला की तो स्फटिक एका सेकंदात दहा लाख वेळा फुगतो आणि आकसतो. त्या थरथरीतून जो आवाज निघतो तो माणसाच्या कानाला कळत नाही. पण कातडीवर गार जेल लावून मला टेकवलं, की तो सरळ आत शिरतो. स्नायू कोमट होतात, बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्या जागी रक्त जरा मोकळेपणाने वाहू लागतं.

मी ज्या दवाखान्यात आलो तो एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा. सगळे त्यांना ताई म्हणत. दोन खाटा, एक हिरवा पडदा, भिंतीला लावलेली लाकडी शिडी आणि खिडकीजवळचं माझं टेबल, एवढाच पसारा. पहिल्याच दिवशी ताईंनी मला एका आजीच्या खांद्यावर फिरवलं, आणि मी चकित झालो. आत कुणीतरी ठोके देत होतं. धप्, धप्, धप्. मला कळेना, हे कोण? पुढे ताईंच्या बोलण्यातून उमगलं की ते हृदय. ते तिथे खांद्यात नव्हतंच. दूर छातीत बसून ते ठोके देत होतं आणि त्याची हाक शरीराच्या टोकाटोकापर्यंत पोचत होती.

मित्रांनो, मला चालू करायला बटण दाबावं लागतं. हृदयाचं बटण मला आजवर कुठेही सापडलेलं नाही. मी दहा मिनिटं चाललो की तापतो. ते हृदय मात्र आजी जन्मल्या त्याच्याही आधीपासून चालू होतं आणि एकदाही थांबलं नव्हतं. त्याच्याजवळ मला कधीच नेलं नाही. छातीवर मला फिरवायचं नाही, ज्यांच्या हृदयाला यंत्र बसवलंय त्यांना तर आधी विचारल्याशिवाय हातही लावायचा नाही, असा ताईंचा दंडक होता. त्यामुळे मी हृदयाला फक्त लांबून ओळखतो. गुडघ्यात, कोपरात, घोट्यात त्याची चाहूल लागली की आजही मला भरून येतं.

माझ्या कौतुकाचे दिवस आले ते हॉर्नकाकांमुळे. हे काका बस चालवत. त्यांचा आवाज असा, की ते फाटकाशी बोलले तर आतल्या खाटेवरचा पेशंट दचकून उठावा. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. केस विंचरायचे तर मान हाताकडे न्यावी लागे. ताई रोज मला त्यांच्या खांद्यावर गोल गोल फिरवत.

"ताई, एकाच जागी धरा की. घुसळताय काय ताकासारखं?" काकांनी एकदा विचारलं.

"एका जागी धरलं तर हाड भाजल्यासारखं दुखेल," ताई म्हणाल्या. "शिवाय आवाजाच्या लाटा एकाच जागी आपटत राहिल्या, तर बारीक रक्तवाहिन्यांतल्या रक्तपेशी जागच्या जागी अडकू शकतात. ओळीने उभ्या राहिल्यासारख्या."

"म्हणजे ट्रॅफिक जाम!"

"तेच. म्हणून हात फिरता ठेवायचा."

दीड महिन्याने काकांचा हात थेट शिडीच्या वरच्या दांडीला लागला. खरं तर ताईंनी घाम गाळून करून घेतलेल्या व्यायामाचा त्यात मोठा वाटा होता. पण काका भेटेल त्याला सांगत सुटले, "जादूचं यंत्र आहे ते!" मीही ते मुकाट्याने ऐकून घेतलं. गर्व चढायला मला वेळ लागला नाही.

मग दवाखान्यात नवीन यंत्र आलं. रंगीत पडद्याचं, बोट लावताच उजळणारं. माझी रवानगी खालच्या फळीवर झाली, जुन्या टॉवेलांशेजारी. माझ्या वायरला चीर पडली, बटणांवरची अक्षरं पुसट झाली. ताई अधूनमधून मला तपासून घेत, पण पेशंटच्या वाट्याला मी क्वचितच येई. आतून कुढत मी वाट बघत राहिलो.

अशाच एका सकाळी फाटकातून ओळखीचा आवाज आला. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. हॉर्नकाका बायकोच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आले. घोटा मुरगळल्यामुळे तीन आठवडे ते अंथरुणावर होते. आता डावी पोटरी ठणकत होती.

"वात आलाय, दुसरं काय," काका खाटेवर आडवे होत म्हणाले. "ताई, तो रंगीत डबा नको. माझं जुनं यंत्र काढा. पाच मिनिटं फिरवा, की निघालो."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू! एवढ्या दिवसांनी कुणीतरी माझं नाव काढलं होतं. ताईंनी मला वर काढलं, पुसलं, वायर जोडली. हिरवा दिवा लागला. ताईंनी एका हातात मला धरलं आणि दुसऱ्या हातानं काकांची विजार गुडघ्यापर्यंत वर सारली.

आणि त्यांचा हात थांबला.

त्यांनी पोटरीवर तळवा ठेवला. मग दुसऱ्या पोटरीवर. मग पुन्हा पहिलीवर. मला खाली ठेवून त्यांनी टेप आणली आणि दोन्ही पाय मोजले. डावी पोटरी चांगली तीन बोटं जास्त भरली.

"काका, दम लागतोय का? छातीत दुखतंय?"

"छे! पाय दुखतोय आणि तुम्ही छातीचं काय विचारताय?"

ताईंनी माझं बटण बंद केलं. "यंत्र लावायचं नाही. चोळायचंही नाही. आपण आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जायचंय."

"अहो, एवढं लंगडत आणलंय त्यांना," काकू चिडून म्हणाल्या. "पाच मिनिटांचं तर काम. लावून टाका ना!"

"काकू, पाय एकीकडूनच सुजलाय, गरम लागतोय. आत रक्ताची गाठ असेल अशी मला भीती वाटतेय. नसली तर उद्या मला खुशाल हसा. पण आज मी लावणार नाही."

"खांद्याला चाललं, मग पायाला काय झालं?" काका पुटपुटले.

मलाही तेच वाटत होतं. माझा अपमान झाला होता. मी चांगला होतो, चालू होतो, तयार होतो. तरी ताईंनी दवाखान्याला कुलूप लावलं, गाडी बोलावली आणि दोघांना घेऊन त्या स्वतः गेल्या. मी जेल न लागलेल्या कोरड्या चकतीने टेबलावर पडून राहिलो.

काका काकूंना घेऊन पुन्हा आले ते तब्बल चार महिन्यांनी. स्वतःच्या पायांनी. भेट म्हणून हातात काही नव्हतं, पण दारातच त्यांनी ताईंना हात जोडले. माझ्या चुलत भावंडानेच, त्या चित्र दाखवणाऱ्या यंत्राने, त्यांच्या पोटरीतली गाठ पडद्यावर दाखवली होती. बोटाएवढी लांब. मग रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली.

"ताई, खरं सांगा," काका म्हणाले. "त्या दिवशी यंत्र लावलं असतं तर?"

"कदाचित काहीच झालं नसतं," ताई म्हणाल्या. "आणि कदाचित गाठीचा तुकडा सुटला असता. पायातलं रक्त वर हृदयाकडे जातं. तुकडा त्याच्याबरोबर हृदयातून पुढे फुफ्फुसात जाऊन अडकला असता. मग माणूस हाती लागेल की नाही, सांगता येत नाही."

ज्या हृदयाचे ठोके मी वर्षानुवर्षं लांबून ऐकत होतो, त्याच्याकडे मी एक घातकी तुकडा धाडून दिला असता! तेही कौतुकाच्या हौसेपायी. माझ्यात एवढी ताकद आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

काकू माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "पण यातून खरंच काही निघतं का हो? ना आवाज, ना उजेड."

ताईंनी मला उलटं धरलं, चकतीवर चमचाभर पाणी सोडलं आणि बटण दाबलं. पाणी शहारलं. मग मधोमध उकळी फुटल्यासारखं उसळलं, त्याचे बारीक थेंब उडाले आणि क्षणभर वर धुक्यासारखी वाफ तरंगली. पाणी तर गारच होतं. हॉर्नकाका पहिल्यांदाच इतक्या हळू बोलले, की मी एकट्यानेच ते ऐकलं असावं.

"हे मी हट्टाने पायात सोडून घेणार होतो."

काकूंनी उगीचच पदराला हात पुसला आणि तो नवऱ्याच्या पाठीवर ठेवला. तिथे, पाठीमागून, त्यांना ते ठोके लागत असतील का, असं मला वाटून गेलं.

मित्रांनो, आता मी अगदी थकलोय. माझी वायर पिळू नका, चकती आपटू नका, वर्षातून एकदा मला तपासून घ्या, एवढं मागणं तर कुठलंही यंत्र करील. माझं मागणं याहून थोडं वेगळं आहे. मला हातात घेण्याआधी माणसाला हात लावून बघा. आणि तुमच्यावर उपचार करणाऱ्याने मला उचलून पुन्हा खाली ठेवलं, तर रागावू नका. "का?" म्हणून विचारा, आणि उत्तर नीट ऐकून घ्या.