खण क्रमांक सतरा

"पुन्हा गुडघा आपटला! हे धूड एकदाचं भंगारात द्या हो बाई, नाहीतर मला तरी द्या," असं झाडलोट करणाऱ्या मावशी रोज सकाळी पुटपुटतात. मित्रांनो, ते धूड म्हणजे मी. ग्रंथालयातलं पुस्तकांच्या कार्डांचं जुनं कपाट.

एका सुताराने मला घडवलं. साठ खण, प्रत्येकाला पितळी कडी. खणात कार्डं आणि कार्डावर लिहिलेलं, की अमुक पुस्तक तमुक फळीवर. चाळीस वर्षं भलेभले माझ्यापुढे वाकून उभे राहिले. मग संगणक आला. कार्डं रद्दीत गेली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. डोक्यावर फिनेलच्या बाटल्या. कशाला खोटं बोलू, रडू आलं असतं तर रडून घेतलं असतं.

पुढे डोंगरापलीकडे तोफा सुरू झाल्या आणि तिकडची माणसं इकडे आली. शाळेच्या सभागृहात चटया टाकून त्यांना ठेवलं होतं. दिवसा ती ग्रंथालयात येत. इथे नळाला पाणी होतं, आणि 'का बसलात' असं कुणी विचारत नसे. ग्रंथपाल बाई त्यांचे अर्ज भरून देत. पण प्रत्येक अर्ज एकाच रकान्याशी अडे: पत्ता. मूल शाळेत घालायचंय? पत्ता. औषधं हवीत? पत्ता.

शेवटी बाईंनी मला दारापाशी ओढून आणलं आणि एकेका कुटुंबाला एकेक खण देऊन टाकला. "लिहा, द्वारा सार्वजनिक ग्रंथालय, खण क्रमांक सतरा."

"हे नियमात बसतं का?" ग्रंथालयाच्या कारकुनाने विचारलं.

"पत्र खणात बसतं ना? मग झालं."

सतरा नंबर एका शिवणकाम करणाऱ्या ताईंचा. अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आईसाठी त्यांचे यजमान मागे राहिले होते. ताई त्यांना पत्रं लिहीत. रोज लेकीला घेऊन येत, खण उघडत आणि कोपरापर्यंत हात आत घालत. "मागे सरकलं असेल," म्हणत.

मागे काहीच नसे. त्यांची पत्रंच उलट परत येत होती. पहिलं आलं तेव्हा बाईंनी ते माझ्या सगळ्यात खालच्या खणात सरकवलं. "पुढच्या आठवड्यात सांगू," त्या स्वतःशीच म्हणाल्या. दुसरंही तिथेच गेलं. तिसऱ्याच्या पाठीवर तिकडच्या पोस्टमनने दोन ओळी खरडल्या होत्या: घर पडलं. म्हातारी आई आणि तिचा मुलगा, दोघंही आत होती.

बाईंनी वाचलं, कारकुनाने वाचलं. मावशींना वाचून दाखवलं. त्या दिवसापासून ताई आल्या की मावशी एकच फरशी पुसत बसत.

अशात यादी लागली. दूरच्या गावात राहायला खोल्या मिळणार होत्या. बस शुक्रवारी. जो चढणार नाही त्याचं नाव कटणार, आणि शनिवारी सभागृह रिकामं व्हायचं होतं.

"मी नाही जात," ताई म्हणाल्या. "मी इथून हलले तर त्यांनी पत्र टाकायचं कुठे?"

मित्रांनो, तुमच्या गावातही अशी माणसं येतील. त्यांना बसायला जागा द्या, पत्ता द्या, अर्ज भरून द्या. पण त्यांची बातमी दया म्हणूनसुद्धा दडवून ठेवू नका. मी लाकडाचं. उघडल्याशिवाय बोलत नाही. तुम्हाला तोंड आहे.

शुक्रवारी बस दाराशी येऊन भोंगा वाजवू लागली. लेक बोचकं घेऊन पायरीवर उभी. ताई माझ्यापुढे, सतराव्या खणाची कडी धरून. "आजचं टपाल येऊ दे, मग बघू."

कारकून खिडकीकडे बघत राहिला. मावशींनी बादली उचलली.

बाई खाली बसल्या. खालचा खण त्यांनी ओढला, तीन पाकिटं काढली आणि ताईंच्या हातात ठेवली.

"यातलं एकही पोचलं नाही, ताई. मी लपवली." त्यांनी तिसऱ्या पाकिटाची पाठ वर केली. "मुलीचे बाबा गेले."